जुन्या बोल्टवर वजन टाकण्यापूर्वी: कड्यावरचा कायमचा अँकर कसा तपासावा

पावसाळा संपला की बडोद्यातल्या आमच्या मंडळींच्या रोपच्या पिशव्या माळ्यावरून खाली येतात. दांडिया बाजारातून पहाटे साडेचारला निघायचं, हालोलवरून पावागढ गाठायचं आणि ऊन चढायच्या आत पहिला रोप वर न्यायचा. दिवाळीनंतर हीच टोळी सह्याद्रीतल्या सुळक्यांकडे वळते. दर वर्षी चार-पाच नवे चेहरे असतात आणि दर वर्षी मला तीच चूक दिसते. वर पोचलेला माणूस कड्यात बसवलेला बोल्ट बघतो, सुटल्यासारखा श्वास टाकतो, कॅराबिनर (झडप असलेली धातूची कडी) अडकवतो, मागे रेलतो आणि त्यानंतर कुठे बोल्ट नीट न्याहाळतो. म्हणजे आधी जीव टांगायचा आणि मग खुंटी पक्की आहे का ते बघायचं.

हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. ज्यांना बिले देता येतो (म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळता येतो), रॅपलिंग (रोपवरून उतरणं) येतं, स्वतःला अँकर करता येतं (म्हणजे कड्यावरच्या पक्क्या आधाराला, अँकरला, बांधून घेता येतं) त्यांच्यासाठीच तो लिहिला आहे. या गोष्टी अजून शिकायच्या असतील तर आधी त्या जाणत्या माणसाबरोबर शिका; लेख वाचून कड्याच्या काठावर जाऊ नका.

तयारी: पिशवीत काय हवं

रोप, हार्नेस, हेल्मेट तर असतंच. जुन्या अँकरचा संशय असलेल्या ठिकाणी त्याशिवाय एवढं न्या:

- १२० सेंमीच्या दोन शिवलेल्या स्लिंग (पट्टीची बंद कडी) आणि चार लॉकिंग कॅराबिनर
- ७ मिमीची सहा मीटर दोरी, गरज पडली तर कापून वर सोडून येण्यासाठी
- दोन पोलादी मेलॉन, म्हणजे पान्याने आवळता येणाऱ्या कड्या, १० मिमीच्या आणि भारक्षमता कोरलेल्या
- नट आणि फ्रेंड (खडकाच्या भेगेत अडकवून आधार घ्यायची धातूची साधनं; हा नट बोल्टवरच्या नटाहून वेगळा) यांचा छोटा संच
- प्रुसिकसाठी (रोपला आवळून धरणारी गाठ) दोरीचं कडं, चाकू, डोक्याचा दिवा
- १७ आणि १९ नंबरचे पाने. १० मिमीच्या बोल्टला बहुधा १७ लागतो, १२ मिमीच्याला १९
- छोटी हातोडी आणि एक लहानसं लोहचुंबक

चुंबकाचं बघून मुलं चकित होतात. त्याचं काम चौथ्या टप्प्यात येईल.

दोन मेलॉन आणि सहा मीटर दोरी याला मी "सोडायचं सामान" म्हणतो. ते परत आणायचं नाही, असं घरून निघतानाच ठरवून ठेवायचं. वर संध्याकाळ होते, पाणी संपतं आणि मग आठशे रुपयांच्या सामानाचा मोह माणसाला गंजलेल्या कडीवरून खाली उतरवतो. ती किंमत बडोद्यात असतानाच मनातून वजा करून टाका.

टप्पा १: निघण्यापूर्वीची चौकशी

त्या कड्यावर गेल्या मोसमात कोण गेलं होतं, अँकर किती बोल्टांचा आहे, कधी बसवला आणि कोणत्या धातूचा आहे, एवढं विचारा. उत्तर "चांगला आहे, आम्ही सगळे उतरलो" असं आलं तर ती माहिती धरू नका. ते उतरले हे खरं. पण पुढचा एक अख्खा पावसाळा बोल्टने झेललाय.

पावागढला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. चांपानेर-पावागढ हा २००४ पासून जागतिक वारसा आहे आणि डोंगरभर संरक्षित वास्तू आहेत. तटबंदी, बुरूज, कमानी यांना बोल्ट मारायचा नाही आणि त्यांच्याभोवती स्लिंग टाकून त्यांचा अँकरही करायचा नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय चुन्यातला जुना दगड ओढीसाठी बांधलेला नसतो, तो निखळतो. जंगलाच्या हद्दीत चढायचं असेल तर वनखात्याला आधी विचारा. आणि खालून यात्रेकरूंची वाट जात असेल तर ती जागाच बदला. वरून सुटलेला मुठीएवढा दगड खालच्या माणसाला पुरतो.

टप्पा २: अँकरला हात लावण्याआधी स्वतःला दुसरीकडे बांधा

सगळ्यात जास्त चुकतो तो टप्पा हाच.

ज्या अँकरची तपासणी करायची आहे, त्याच अँकरला लटकून ती करता येत नाही. माथ्यावरून काठाकडे येत असाल तर मागे भक्कम झाड किंवा मोठा, हलणार नाही असा खडक शोधा आणि त्याला बांधलेल्या रोपवर काठापर्यंत या. झाड जिवंत हवं, बुंधा मांडीएवढा हवा आणि मुळं खडकाच्या भेगेत किंवा खोल मातीत गेलेली हवीत. वीतभर मातीच्या थरावर उभं असलेलं झाड बुंध्याने कितीही जाड असलं तरी नको.

खालून चढून आला असाल तर खालचा बिले तसाच चालू ठेवा. "ऑफ बिले" (बिले सोड) असं ओरडण्याची घाई करू नका. शेजारच्या भेगेत एक-दोन नट बसवा, त्यांत स्वतःला अडकवा, पायांवर उभे राहा आणि मग बोल्टकडे वळा.

इशारा: बिले सोडवून घेतल्यावर तपासणीत अँकर खराब निघाला, तर तुम्ही कड्यावर मोकळे उभे असता. तपासणी पूर्ण होईपर्यंत खालच्या माणसाने रोप हातातून सोडायचा नाही, हे चढण्याआधीच दोघांत ठरलेलं असू द्या.

टप्पा ३: आधी खडक, मग लोखंड

बोल्ट नवा कोरा असला तरी तो ज्यात बसलाय तो खडक पोकळ असेल तर उपयोग शून्य. म्हणून पहिल्यांदा बोल्टच्या चारी बाजूंनी दोन-दोन वीत खडकावर हातोडीच्या टोकाने हलकं टकटक करा. भरीव खडक खणखणीत वाजतो. सुटलेला पापुद्रा किंवा आत फट असेल तर आवाज बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. दुसरा तळहात खडकावर टेकवून ठेवलात तर पोकळ जागी थरथर हाताला कळते.

सह्याद्रीचा बेसॉल्ट सगळीकडे सारखा नसतो. थरावर थर आहेत. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेले, तर काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबूस, नखाने खरवडेल असा मऊ पट्टा. भोकाळ थरातला आखूड बोल्ट आणि तांबूस पट्ट्यातला कुठलाही बोल्ट मी अँकर म्हणून मोजत नाही. पावागढला खाली बेसॉल्ट आणि माथ्याकडे रायोलाइट आहे. रायोलाइट कडक असतो, पण त्याला उभ्या भेगा पडतात आणि मोठाले ठोकळे आईखडकापासून सुटे झालेले असतात. बोल्ट ठोकळ्यात पक्का असतो आणि ठोकळाच सुटा असतो. त्यामुळे बोल्टभोवतीची भेग नजरेने पूर्ण फिरून बघा. ती चारी बाजूंनी मिळत असेल तर तो ठोकळा आहे.

तपासा:
- बोल्टच्या भोकापासून निघालेली बारीक तडा आहे का?
- बोल्ट खडकाच्या कडेपासून वीतभर तरी आत आहे का?
- दोन बोल्टांत वीतभर तरी अंतर आहे का? जवळजवळ असतील तर एकाच तुकड्यासह दोन्ही निघू शकतात.

टप्पा ४: बोल्ट आणि हँगर

आता लोखंडाकडे. घाई नको; इथे पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्याला दिसतो तो हँगर, म्हणजे बाहेरची भोकाची पट्टी. भार पेलतो तो खडकातला दांडा. आणि दांडा सगळ्यात आधी खराब होतो तो हँगरच्या मागे, खडकाच्या तोंडाशी. कारण तिथे पाणी अडकून राहतं, ऊन-वारा पोचत नाही आणि ती जागा दिसतही नाही.

मला हे एका ऑक्टोबरमध्ये हाताने कळलं. पावागढच्या एका छोट्या कड्यावर आम्ही नेहमी वापरायचो तो अँकर होता. हँगर चकचकीत, स्टेनलेसचा. मी बोटाने ढकलला तर तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरला. नट बोटांनीच सुटला. शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, गेल्या वर्षी आठ जण उतरलो होतो यावरून." हँगर बाहेर ओढला तेव्हा मागचा दांडा दिसला. दोन्हीकडे पूर्ण जाडीचा आणि मध्ये, बरोबर हँगर टेकायचा तिथे, कमरेत आवळल्यासारखा बारीक. नखाने खरवडलं तर खारी बिस्किटासारखे तपकिरी पापुद्रे सुटून आले. आतला शाबूत धातू पेन्सिलीपेक्षा जाड नव्हता. तो मुलगा नंतर बराच वेळ काही बोलला नाही.

तिथे झालं होतं असं की हँगर स्टेनलेसचा होता आणि दांडा साध्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा. दोन वेगळे धातू ओल्या जागी एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला लवकर गंजणारा धातू भराभर झिजतो. मुलामा आधी जातो, मग पोलाद. चकचकीत हँगर मागच्या गंजावर पडदा टाकतो.

चुंबक यासाठीच. हँगरला लावून बघा, मग नटाला आणि दांड्याच्या टोकाला लावा. बोल्टला वापरतात ते ३०४ किंवा ३१६ जातीचं स्टेनलेस चुंबकाला जवळपास चिकटत नाही. यंत्रात दाबून घडवलेल्या भागाला किंचित ओढ लागते एवढंच. हँगरला चुंबक लागलं नाही आणि दांड्याला टक्कन चिकटलं, तर धातूंची मिसळ आहे. असा अँकर वरून कितीही छान दिसला तरी संशयित. स्टेनलेस बोल्टच्या टोकावर बहुधा ए२ किंवा ए४ अशी खूण असते: ए२ म्हणजे ३०४, ए४ म्हणजे ३१६.

मग या क्रमाने जा:

१. हँगरवरचे शिक्के वाचा. गिर्यारोहणाच्या हँगरवर बनवणाऱ्याचं नाव आणि किलोन्यूटनमध्ये भारक्षमता कोरलेली असते. आजच्या युरोपीय ईएन ९५९ मानकाप्रमाणे खडकाला समांतर ओढीत २५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ अडीच टन, आणि बाहेरच्या ओढीत २० किलोन्यूटन लागतात. शिक्काच नसेल तर तो हँगर कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये पट्टी वाकवून केलेला आहे असं समजा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत मागाल तो बोल्ट आणि मागाल ती पट्टी मिळते, कारागीरही उत्तम आहेत. पण यंत्राच्या पायाला लागणारा बोल्ट आणि माणसाच्या पडण्याचा झटका सोसणारा बोल्ट या वेगळ्या वस्तू आहेत.

२. गंजाचा प्रकार बघा. पुसल्यावर निघणारा पातळ तपकिरी थर एवढ्याने बोल्ट बाद होत नाही. पापुद्रे सुटत असतील, धातू फुगल्यासारखा दिसत असेल किंवा भोकाखाली खडकावर तपकिरी ओघळ उतरलेला असेल तर बाद. ओघळ म्हणजे गंज आतून येतोय. समुद्राजवळच्या कड्यांवर तर स्टेनलेसवरचे तपकिरी ठिपकेसुद्धा हलके घेऊ नका. तिथे क्षारांमुळे धातूला केसासारख्या तडा जातात आणि बोल्ट वरून शाबूत दिसत असताना आतून तुटतो. म्हणून समुद्रकाठच्या कड्यांवर जाणकार टायटॅनियमचे बोल्ट वापरतात.

३. हँगर हाताने हलवा. फिरतो का? नट सैल आहे का, की अख्खा दांडाच भोकात हलतोय? नुसता नट सैल असेल आणि दांडा निरोगी दिसत असेल तर पान्याने बेताने घट्ट करा. दांडा हलत असेल तर तो बोल्ट संपला.

४. नटाबाहेर दांड्याचे किती आटे दिसतात ते मोजा. दोन-तीन असावेत. बोटभर दांडा बाहेर आला असेल तर बोल्ट हळूहळू भोकातून सरकतोय.

५. गोंदात बसवलेला बोल्ट असेल तर गोंदाची कड बघा. तिला तडा, भुसभुशीतपणा, नखाला चिकटणारा मऊपणा किंवा बोल्ट हाताने फिरणं, यातलं एकही आढळलं तर त्यावर भार नको.

इशारा: गंजलेल्या बोल्टचा नट जोर लावून आवळू नका. गंजाने बारीक झालेला दांडा पान्यावरच तुटतो, किंवा तुटायच्या बेतात येऊन पुढच्या माणसाची वाट बघत राहतो. हातोडीने बोल्टवर घाव घालून "पक्का आहे" ठरवण्याचीही सवय मोडा. त्या घावाने आतली पकड सैल होते आणि कळत काहीच नाही.

हाताने छिद्र पाडून बसवलेले जुने आखूड बोल्ट अजून कितीतरी सुळक्यांवर आहेत. त्यांतल्या एका प्रकारात खडकात फक्त तीस मिमी खोल नळी असते आणि तिच्यात ८ मिमीचा स्क्रू. ती नळी बाहेरून तपासायला मार्गच नाही. असा बोल्ट एकटा असेल तर तो वाटेचा दाखला समजा, अँकर नव्हे. भेगेत ठोकलेल्या जुन्या मेखांचंही तेच. मेख ठोकल्या दिवशी पक्की होती. तेव्हापासून ती गंजतेय आणि भेगही आपल्या जागी स्थिर नाही.

टप्पा ५: पट्ट्या, साखळ्या आणि कड्या

बोल्ट पास झाला तरी त्यातून लोंबणारं सामान वेगळं तपासायचं.

कापडी पट्टीबाबत माझं मत ठाम आहे: वर सापडलेल्या पट्टीवर उतरायचं नाही. नायलॉन आणि डायनीमा हे पट्टीचे दोन्ही धागे उन्हाने कमजोर होतात, आणि फिकटलेला रंग म्हणजे तो कमजोरपणा डोळ्यांना दिसू लागला आहे. तरीही बघायचंच असेल तर पट्टी बोटांत गुंडाळून तिची आतली, कडीकडची बाजू वर आणा. तिथे काचेसारखा चकाकणारा, कडक झालेला डाग दिसेल. आधीच्या कुणीतरी रोप थेट पट्टीतून ओढून घेतला आणि घर्षणाने धागा वितळला, त्याची ती खूण. डायनीमा तर सुमारे १४५ अंशांनाच वितळतो. चार जुन्या पट्ट्या एकत्र आहेत म्हणून त्या चौपट मजबूत होत नाहीत; चारही तेवढीच वर्षं त्याच उन्हात होत्या. चाकूने कापा, पिशवीत घालून खाली आणा, आपली दोरी आणि मेलॉन लावा.

साखळीची प्रत्येक कडी फिरवून बघा, कारण झीज दोन कड्या एकमेकींवर घासतात तिथे होते आणि ती बाजू झाकलेली राहते. रोप जातो त्या कडीला किंवा कॅराबिनरला बोट आतून फिरवा. खाच पडली असेल, खाचेची कड बोटाला लागत असेल तर ती कडी वापरू नका. अशी धारदार कड ताणातला रोप कापू शकते. आपल्याकडे रोपला धूळ आणि बारीक खर भरपूर लागते, आणि धुळकट रोप ॲल्युमिनियमवर कानशीसारखा चालतो. म्हणून कायमच्या अँकरला ॲल्युमिनियमची कडी नकोच, पोलादी हवी. खाच साधारण एक मिमी खोल झाली की मी कडी बदलतो.

टप्पा ६: दोन बोल्टांची जोडणी

एका बोल्टचा अँकर हा अँकर नव्हे. दोन हवेत, आणि एक निसटला तर दुसऱ्यावर झटका न बसता भार जायला हवा.

नव्या मुलांच्या हातून इथे एक चूक हमखास होते. स्लिंग दोन्ही बोल्टांतून ओवतात आणि खाली कॅराबिनर लावतात, म्हणजे स्लिंगचा बंद त्रिकोण होतो. दिसायला नीटस, पण वरची आडवी बाजू दोन्ही बोल्टांना एकमेकांकडे ओढते. खालचा कोन ६० अंशांचा असेल आणि खाली ८० किलोचा माणूस लटकला, तर त्रिकोणात प्रत्येक बोल्टवर पूर्ण ८० किलो येतात. तीच स्लिंग इंग्रजी व्ही अक्षरासारखी, प्रत्येक बोल्टपासून वेगळी खाली आणून मध्ये गाठ मारली तर प्रत्येकावर सुमारे ४६ येतात. जुन्या बोल्टला हा फरक फार मोठा आहे.

कोन वाढला की भार वाढतो. ९० अंशांना प्रत्येक बोल्टवर ५७ किलो, १२० अंशांना पुन्हा पूर्ण ८०. अंगठा आणि पहिलं बोट सहज ताणून जेवढा कोन होतो, त्यापेक्षा मोठा कोन ठेवू नका. स्लिंग तोकडी पडत असेल तर लांब घ्या.

टॉप रोप (रोप वरच्या अँकरमधून फिरवून खालून बिले देणं) लावणार असाल तर आणखी एक हिशेब ठेवा. वर चढणाऱ्याचं वजन आणि खालून बिलेयरची ओढ, दोन्ही अँकरवर पडतात. म्हणजे एका माणसाच्या जवळपास दुप्पट, आणि तेही दिवसभर. रॅपलिंगपुरता चालेल असा वाटणारा अँकर टॉप रोपला चालेलच असं नाही.

टप्पा ७: वजन टाकणे आणि उतरण्याचा क्रम

इतकं सगळं बघून झाल्यावर वजन.

दुसऱ्या टप्प्यात बांधलेली तुमची वेगळी सुरक्षा अजून तशीच आहे ना? असेल तरच पुढे. पाय खडकावर ठेवून हळूहळू मागे रेला, पूर्ण वजन द्या, मग हलके दोन-तीन झोके. डोळे हँगरवर. तो किंचितही हलला, भोकातून भुकटी गळाली, कुठे कुरकुर झाली, तर थांबा.

ही चाचणी पास झाली म्हणजे अँकर चांगला ठरला असं नाही. ती फक्त उघडउघड मोडका बोल्ट पकडते. खाली घसरलेल्या माणसाचा झटका तुमच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकतो, आणि तो झटका तुम्ही दिलेला नाही.

आता बरेच जण उतरायचे असतील तर क्रम असा:

१. रोप मुख्य अँकरच्या कडीतून ओवा. दोन्ही टोकांना गाठी मारा. गाठी विसरून रोपच्या टोकावरून निसटणं हा जुन्या बोल्टइतकाच खरा धोका आहे.

२. मुख्य अँकरपासून पूर्ण वेगळा राखीव आधार तयार करा: मागचं झाड, भेगेतले दोन नट, जे भरवशाचं असेल ते. त्याचा कॅराबिनर कडीजवळ रोपमध्येच अडकवा, पण स्लिंग चार बोटं ढिली ठेवा. भार मुख्य अँकरवरच यायला हवा. तो गेला तरच राखीव धरेल. स्लिंग ताठ ठेवली तर वजन राखीव आधार पेलतो आणि मुख्य अँकरची परीक्षा होतच नाही. ही चूक मी जुन्या-जाणत्यांच्या हातूनही पाहिली आहे.

३. सगळ्यात जड माणूस सगळ्यात जड पिशवी घेऊन आधी उतरेल, डिसेंडरखाली (उतरताना रोपवर लावायचं साधन) प्रुसिक लावून. उतरताना उड्या नाहीत, सावकाश. वर थांबलेल्यांनी गप्पा न मारता बोल्टवर नजर ठेवायची.

४. मग वजनाप्रमाणे पुढचे. शेवटी सगळ्यात हलका माणूस. त्याच्या आधीच्या सगळ्यांच्या वेळी काहीच हललं नसेल तरच त्याने राखीव आधार काढायचा आणि उतरायचं.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सगळ्यात अनुभवी दादा "मी शेवटी येतो" म्हणून थांबतात आणि तेच बहुधा सगळ्यांत वजनदार असतात. राखीव काढून टाकलेल्या अँकरवर सगळ्यात मोठा भार मग शेवटी येतो. दादांचा मान राखून त्यांना पहिले उतरवा.

तपासा, शेवटच्या माणसाने: शंका उरली आहे का? असेल तर राखीव आधार सोडून खाली या. सोडायचं सामान त्यासाठीच आणलं होतं.

टप्पा ८: अँकर नापास झाला तर

घाबरू नका, पण तडजोडही करू नका. झाडाभोवती आपली दोरी बांधा, मेलॉन लावा, त्यातून उतरा. झाड नसेल तर भेगेतले नट सोडा. तेही जमत नसेल आणि चालत उतरायची वाट असेल तर दोन तास जास्त चाला. आग्या मोहोळ दिसलेल्या बाजूला नवा अँकर शोधायला जाऊ नका. हातोडीच्या आवाजाने माश्या उठतात आणि रोपवर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

खराब बोल्टची खूण म्हणून लाल फीत बांधणं बंद करा. वर्षभरात ती विटते आणि लांबून पट्टीसारखी दिसते. देवीच्या डोंगरावर तर लाल कापडाकडे कुणी इशारा म्हणून बघतही नाही. नट सुटत असेल तर नट-हँगर काढून घ्या, म्हणजे कुणाला त्यात काही अडकवताच येणार नाही.

टप्पा ९: उतरल्यावर

त्याच संध्याकाळी लिहून ठेवा: कडा कोणता, बोल्ट कितवा, हँगरवरचा शिक्का, चुंबक लागलं की नाही, काय हललं, कुठला फोटो. "बोल्ट खराब" एवढं लिहून पुढच्याला काही कळत नाही. हँगरचा जवळून काढलेला एक आणि बाजूने दांडा दिसेल असा एक, असे दोन फोटो पुरतात. ते ग्रुपवर टाका आणि ज्यांनी अँकर बसवला होता त्यांनाही कळवा.

बोल्ट बदलायचं काम मात्र शिकलेल्या माणसाकडेच द्या. जुन्याशेजारी तिसरा ठोकून मोकळं होणं हा आपला आवडता उपाय, आणि तो वाईट आहे: खडकात आणखी एक भोक पडतं, गंजलेला बोल्ट जागेवर राहतो आणि पुढचा माणूस घाईत त्यालाच अडकवतो. जुना दांडा ओढून काढायचा. नाहीच निघाला तर खडकाच्या पातळीवर कापायचा. नवा १२ मिमीचा, दांडा-नट-हँगर एकाच जातीच्या स्टेनलेसचे. गोंदाचा बोल्ट असेल तर भोक ब्रशने घासायचं, फुंकणीने धूळ काढायची, पुन्हा घासायचं, पुन्हा फुंकायचं, भुकटी येणं थांबेपर्यंत. भुकटी राहिली तर गोंद खडकाला न धरता भुकटीला धरतो. गोंद सुकायला बनवणाऱ्याने डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या आणि तोवर कुणी त्यात कॅराबिनर अडकवू नये म्हणून हँगरच्या जागी कागद चिकटवून त्यावर तारीख-वेळ लिहा.

आमच्याकडे आता एक साधी वही आहे. प्रत्येक अँकरला एक पान. वर बसवल्याची तारीख, खाली प्रत्येक मोसमातली पहिली तपासणी आणि ती करणाऱ्याची सही. ज्या पानावर या ऑक्टोबरची सही नाही, त्या कड्यावर नव्या मुलांना नेत नाही. वही गाडीत नसून रोपच्या पिशवीतच असते, कारण गाडीत ठेवली की ती वर पोचत नाही.